राखीव रनिंग बॅकला संघात जागा कशाच्या बळावर द्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधील डॅलस काउबॉइजने २०२३च्या ऑगस्टमध्ये मुख्य रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) टोनी पोलार्डच्या मागे रिको डाउडल आणि ड्यूस व्हॉन या दोघांना अंतिम यादीत ठेवले, मलिक डेव्हिसला वगळले आणि त्यावरून चाहत्यांमध्ये जो वाद पेटला तो दर उन्हाळ्यात नव्या नावांनिशी पुन्हा सुरू होतो. राखीव रनिंग बॅक निवडताना नेमके काय पाहायचे, तीन ठेवायचे की चार, आणि हंगामपूर्व सामन्यांत चमकलेल्या मुलाला सोडून देणे हा संघाचा करंटेपणा असतो का, असे आपण विचारले आहे. टेक्सासमधील शालेय फुटबॉलमध्ये रनिंग बॅकना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. व्यावसायिक संघांचे निर्णय आम्हा शिक्षकांना रोजच्या कामासाठी बारकाईने अभ्यासावे लागतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगतो. दुसऱ्या क्रमांकाचा रनिंग बॅक चेंडू घेऊन काय करतो यावर निवडावा. तिसरा आणि त्यापुढचा मात्र चेंडू हातात नसताना काय करतो यावरच निवडला पाहिजे. चाहत्यांच्या वादात या दोन जागा एकच समजल्या जातात आणि सगळ्यांना धावांच्या यार्डांची एकच मोजपट्टी लावली जाते. त्यामुळे बाजू कोणतीही असो, वाद मूळ मुद्द्याला भिडतच नाही.

आधी हिशेब पाहू. प्रशिक्षण छावणीत प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस ते ५३वर आणावे लागतात. पूर्वी ही कपात टप्प्याटप्प्याने होत असे. २०२३पासून ती एकाच दिवशी होते. परंतु ५३ हा शेवटचा आकडा नव्हे. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जणांना गणवेश चढवता येतो, तोही आक्रमक फळीतील किमान आठ जण त्यांत असतील तरच, नाहीतर ४७. म्हणजे ५३मध्ये नाव येऊनही दर आठवड्याला पाच-सहा जण साध्या कपड्यांत बाजूला उभे असतात. तिसऱ्या रनिंग बॅकला एका सामन्यात चेंडू मिळतो तो फार तर दोन-तीन वेळा, अनेकदा तेवढाही नाही. याउलट किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), पंट (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देणे) आणि मैदानी गोलाच्या (खांबांमधून किक मारून गुण मिळवण्याच्या) डावांत, म्हणजे ज्याला स्पेशल टीम्स म्हणतात त्या कामात, एका सामन्यात साधारण वीस-पंचवीस चाली होतात. त्यांपैकी चार तुकड्यांमध्ये ज्याला उतरवता येते तो तिसरा रनिंग बॅक ४८मध्ये असतो. ज्याला उतरवता येत नाही त्याची ५३मधील जागा कागदावरच राहते आणि प्रशिक्षकाच्या दृष्टीने ती वाया गेलेली असते.

डॅलसनेच २०२५मध्ये हे पुन्हा दाखवून दिले. जेडन ब्लू हा टेक्सास विद्यापीठाचा अतिशय वेगवान खेळाडू, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पाचव्या फेरीत घेतलेला. चाहत्यांना तो पहिल्या सामन्यापासून हवा होता. हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांत तो धडधाकट असूनही गणवेशात नव्हता. जव्हॉन्टे विल्यम्स आणि माइल्स सँडर्स खेळले. वेगाबद्दल कोणालाच शंका नव्हती. परंतु मुख्य दोघे तंदुरुस्त असताना तिसऱ्याकडून जे काम हवे असते, ते वेग पाहून दिले जात नाही.

स्पेशल टीम्सचे महत्त्व पटवण्यासाठी जुने पण अजून फिके न पडलेले उदाहरण टेरेल डेव्हिसचे आहे. डेन्व्हर ब्राँकोजने त्याला १९९५च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर घेतले. छावणीत तो रनिंग बॅकच्या रांगेत तळाशी होता आणि टोकियोतील हंगामपूर्व सामन्याच्या वेळी तर सगळे सोडून घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले होते. त्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याला किकऑफच्या तुकडीत उतरवले गेले. तो पूर्ण वेगाने खाली धावत गेला आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला त्याने असे झोकून देऊन आडवे केले की प्रशिक्षकांचे त्याच्याकडे पाहण्याचे डोळेच बदलले. पुढे त्याने १९९८मध्ये २,००८ यार्ड धावले, दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले आणि २०१७मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. यातला महत्त्वाचा भाग असा की त्याला धावण्याची संधी मिळाली ती एका टॅकलमुळे. धावपटू म्हणून तो किती मोठा आहे हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. यादीत राहिला म्हणून ते कळण्याइतका वेळ त्याला मिळाला.

रहीम मोस्टर्टची वाटचाल तर याहून खडतर आहे. २०१५च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नाही. त्यानंतर फिलाडेल्फिया, मायामी, बाल्टिमोर, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क जेट्स आणि शिकागो अशा सहा संघांनी त्याला ठेवून पुन्हा सोडून दिले. आपल्याला कधी कधी काढले गेले त्या तारखा तो लिहून ठेवत असे आणि सामन्याआधी वाचत असे. सॅन फ्रान्सिस्कोत तो टिकला तो पंटच्या वेळी कडेने सुसाट धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याला जागीच रोखणारा खेळाडू म्हणून. जानेवारी २०२०मध्ये ग्रीन बेविरुद्धच्या उपांत्य लढतीत त्याने २२० यार्ड आणि चार टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणे) केले तेव्हा अनेकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले. पुढे २०२३मध्ये मायामीकडून त्याने जमिनीवरून १८ टचडाउन केले, म्हणजे ज्या संघांनी त्याला नाकारले होते त्यांपैकीच एकाकडून.

किकऑफच्या नियमांत झालेल्या बदलामुळे या कामाची किंमत आता आणखी वाढली आहे. २०२३मध्ये पाचांपैकी जेमतेम एक किकऑफ परत आणला जात असे. बाकीच्या चेंडूंवर कोणी धावतच नसे, त्यामुळे परत आणणारा खेळाडू ठेवण्याचा फायदा नगण्य झाला होता. २०२४पासून किक मारणाऱ्या संघाचे दहा जण प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे राहतात, समोरचे बहुतेक खेळाडू ३० ते ३५ यार्डांच्या पट्ट्यात असतात आणि चेंडू पडेपर्यंत कोणी हलायचे नसते. २०२५मध्ये टचबॅकनंतर, म्हणजे खोल गेलेला चेंडू परत न आणला गेल्यास, तो ३५ यार्डांवर द्यायचे ठरले, तेव्हा तर मुद्दाम खोल किक मारणे तोट्याचे झाले आणि बहुसंख्य किकऑफ खेळले जाऊ लागले. या मांडणीत चेंडू घेणाऱ्याला सुरुवातीपासूनच अंगावर येणाऱ्या भिंतीतली फट शोधून त्यातून घुसायचे असते, म्हणजे रनिंग बॅक एरवी जे करतो तेच. बहुतेक संघ मागे दोघांना उभे करतात आणि त्या दोघांपैकी ज्याच्याकडे चेंडू येत नाही त्याला पहिला अडथळा दूर करावा लागतो. तिसऱ्या रनिंग बॅकसाठी ही आयती जागा आहे. तेथे जो नीट अडवू शकतो त्याचे नाव चाहत्यांच्या यादीत नसले, तरी प्रशिक्षकांच्या यादीत असते.

आता ज्या गुणावर मी स्वतः सर्वांत जास्त वेळ घालवतो त्याकडे येतो. तो म्हणजे क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्याचे, संरक्षण. पासच्या चालीत क्वार्टरबॅकला साधारण अडीच सेकंद हवे असतात. आक्रमक फळीचे पाच जण समोरच्यांना अडवतात; त्यांच्यापेक्षा एक जण जास्त आला तर तो रनिंग बॅकचा. बहुतेक चालींत त्याच्यावर एक नव्हे तर दोन माणसांची जबाबदारी असते: आधी आतला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) पाहायचा, तो आला नाही तर नजर बाहेरच्याकडे न्यायची, आणि दोघेही आले तर क्वार्टरबॅकच्या जवळचा, म्हणजे आतला, पकडायचा. तेही नाही आले तर स्वतः पासच्या मार्गावर निघायचे. हे सगळे एका सेकंदाच्या आत ठरवायचे असते आणि समोरचे बचावपटू चेंडू सुटायच्या आधी मुद्दाम जागा बदलून त्याला चकवत असतात.

सरावात मी लाइनबॅकरच्या मागे नव्हे, तर क्वार्टरबॅकच्या जागेच्या मागे उभा राहतो आणि कोणी धावून यायचे ते समोरच्या मुलांना बोटांनी दाखवतो, म्हणजे रनिंग बॅकला ते दिसत नाही. मग त्याचे पहिले पाऊल पाहतो. जो शिकलेला असतो तो पुढे सरकतो, फळीच्या अगदी मागे जाऊन येणाऱ्याला गाठतो. गुडघे वाकलेले, पाय खांद्यांहून थोडे जास्त फाकलेले, डोके वर आणि हात आतल्या बाजूने समोरच्याच्या छातीवर. जो शिकलेला नसतो तो जागेवर वाट पाहतो. चार-पाच यार्डांची धाव घेऊन आलेला शंभर-एकशे दहा किलोचा लाइनबॅकर जागेवर उभ्या असलेल्या मुलाला थेट क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवतो. काही जण भीतीने पायांशी सूर मारतात. एकदा-दोनदा ते साधते. मग समोरचा उडी मारून पलीकडे जातो. ताकद कमी असलेला मुलगा योग्य ठिकाणी योग्य वेळी पोहोचला तर निभावून नेतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. उशिरा पोहोचलेल्या ताकदवान मुलाला मात्र काहीच वाचवत नाही.

हा गुण धावफलकावर कुठेच दिसत नाही. शिवाय हंगामपूर्व सामन्यांत तो जवळजवळ तपासलाच जात नाही, कारण प्रतिस्पर्धी आपले डाव झाकून ठेवतात आणि ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जास्तीचे खेळाडू पाठवणे, क्वचित करतात. म्हणून ऑगस्टमध्ये दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्याला जो खेळाडू परिपूर्ण वाटतो, तोच सप्टेंबरमध्ये तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, जेव्हा बहुधा पास फेकला जातो) मैदानाबाहेर का असतो याचा उलगडा होत नाही. कोट्यवधी डॉलर ज्याच्यावर खर्च केले आहेत तो क्वार्टरबॅक एका चुकलेल्या अडवणुकीमुळे हंगामभर गमावण्याची जोखीम कोणताही प्रशिक्षक पत्करत नाही, आणि मीही पत्करणार नाही.

फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीने कोणाला उतरवले ते पाहावे. मुख्य रनिंग बॅक आयझाया पचेको सातव्या फेरीत निवडलेला नवखा होता आणि त्याच्या जोडीला दुखापतींतून सावरलेला अनुभवी जेरिक मॅकिनन. २०२०मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला क्लाइड एडवर्ड्स-हेलेर त्या दिवशी गणवेशातही नव्हता. मॅकिननने त्या हंगामात पास झेलून नऊ टचडाउन केले होते, पण संघात त्याचे स्थान पक्के होते ते क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला वाचवण्याच्या कामामुळे. त्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्याला टचडाउनचा मार्ग मोकळा मिळाला असताना तो गोलरेषेच्या अगदी जवळ स्वतःहून खाली बसला, घड्याळ चालू ठेवले आणि मग आठ सेकंद उरलेले असताना मैदानी गोल मारून कॅन्सस सिटीने ३८-३५ असा विजय मिळवला. सुपर बोलमधला टचडाउन सोडून देण्याइतके भान ज्याला असते, त्याच्यासाठी मी दहा वेगवान मुले सोडून देईन.

हंगामपूर्व सामन्यांतल्या यार्डांना काहीच किंमत नाही असे मात्र मी म्हणत नाही. ते कोणाविरुद्ध आणि कसे मिळाले ते पाहावे लागते. चौथ्या भागात समोर असलेल्या अकरांपैकी बहुतेक जण आठवडाभरात कोणत्याच संघात नसतात. त्यांच्याविरुद्धची ४० यार्डांची धाव मी बाजूला ठेवतो आणि ज्या धावेत दोन यार्डांचे नुकसान व्हायला हवे होते तिथे त्याने एक यार्ड मिळवला का, ते शोधतो. पहिला धक्का बसल्यावर त्याचे पाय थांबतात की चालू राहतात? फट बंद झाल्यावर तो बाहेर पळून वेळ घालवतो की मुकाट्याने पुढे घुसून पडतो? गर्दीत शिरताना चेंडूवर दुसरा हात येतो का? राखीव खेळाडूला सामन्यात चारच संधी मिळणार असतील आणि त्यांतल्या एकीत चेंडू सुटणार असेल, तर उरलेल्या तिन्हींमध्ये त्याने काय केले हे कोणी विचारत नाही.

विश्वासार्हतेचा मुद्दाही यातच येतो. न्यू इंग्लंडच्या जोनास ग्रेने नोव्हेंबर २०१४मध्ये इंडियानापोलिसविरुद्ध २०१ यार्ड आणि चार टचडाउन केले. त्याच आठवड्यात सकाळी झोप लागून तो सरावाला उशिरा पोहोचला, त्याला घरी पाठवण्यात आले आणि पुढच्या सामन्यात त्याला एकदाही चेंडू मिळाला नाही. शिक्षा कठोर होती, परंतु राखीव खेळाडूचे भांडवल मुळात हजर असणे हेच असते.

चाहत्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद वेगळाच आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, हा मुलगा आज तयार नसेल, पण सोडला तर दुसरा संघ उचलेल. म्हणून निदान ५३मध्ये लपवून ठेवा. आता, ३२ संघ प्रत्येकी ३७ जणांना कमी करतात, म्हणजे एका दिवसात जवळपास १,१८४ खेळाडू मोकळे होतात. चार हंगाम पूर्ण न केलेल्यांना वेव्हरवरून जावे लागते, जिथे कोणताही संघ त्यांच्यावर दावा करू शकतो. प्रत्यक्षात दावा होतो तो दरवर्षी दोन-तीन डझनांवर, आणि त्यांत रनिंग बॅक अगदी थोडे असतात, कारण प्रत्येक संघाला आपलेच जास्तीचे रनिंग बॅक कुठे ठेवायचे ही चिंता असते. बाकीच्यांना संघ १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे ५३च्या बाहेरच्या सराव तुकडीत, परत घेतात आणि तिथून हंगामात तीन वेळा सामन्याच्या दिवसापुरते वर आणता येते. २०२३मध्ये मलिक डेव्हिसच्या बाबतीत नेमके हेच झाले. वगळला गेला आणि डॅलसच्याच प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये परतला. एरियन फोस्टरला २००९मध्ये कोणी निवडले नव्हते. ह्यूस्टनने त्याला बराच काळ प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये ठेवले, बाकी संघांपैकी कोणीही हात पुढे केला नाही, आणि २०१०मध्ये १,६१६ यार्डांसह तो लीगमध्ये पहिला आला.

पण प्रत्येक वेळी भीती खोटी ठरते असेही नाही. डॅनी वुडहेड हा लहान चणीचा, ड्राफ्टमध्ये डावलला गेलेला खेळाडू २०१०च्या छावणीत न्यूयॉर्क जेट्सच्या चाहत्यांचा लाडका झाला होता. सप्टेंबरमध्ये जेट्सने त्याला सोडले आणि काही दिवसांतच न्यू इंग्लंडने, म्हणजे त्यांच्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याने, त्याला घेतले. त्याच सुमारास न्यू इंग्लंडचा तिसऱ्या डाउनचा रनिंग बॅक केव्हिन फॉक गुडघ्याच्या दुखापतीने हंगामातून बाहेर गेला. वुडहेडने त्या हंगामात ९७ धावांत, म्हणजे ९७ वेळा चेंडू घेऊन धावत, ५४७ यार्ड काढले आणि ३४ पास झेलले. जेट्सचे चाहते बरोबर होते. मात्र ते ज्या कारणासाठी बरोबर होते ते कारण छावणीतल्या धावांपुरते नव्हते. वुडहेड अचूक मार्ग धावत असे, ब्लिट्झ ओळखत असे आणि अंगाने लहान असूनही वेळेवर आडवा जात असे. म्हणून दुसऱ्या संघात पोहोचताच त्याला पहिल्या महिन्यात काम देता आले. नव्या संघात दोन आठवड्यांत कामाला लागेल असा खेळाडू खरोखर पळवला जातो. वर्षभर शिकवावे लागेल असा बहुधा पळवला जात नाही. आपल्या आवडत्या मुलाबद्दल भीती बाळगावी की नाही, हे ठरवण्याची माझी कसोटी हीच आहे.

तीन की चार, याबद्दल बाल्टिमोरचा २०२१चा अनुभव नेहमी पुढे केला जातो. जे. के. डॉबिन्स शेवटच्या हंगामपूर्व सामन्यात जायबंदी झाला, मग जस्टिस हिल, मग पहिल्या सामन्याच्या तोंडावर गस एडवर्ड्स. काही दिवसांत तीन रनिंग बॅक हंगामासाठी गेले. यावरून जास्तीचा एक ठेवायलाच हवा असा निष्कर्ष काढला जातो, पण मला तो पटत नाही. बाल्टिमोरने काय केले? कोणीच न निवडलेल्या टायसन विल्यम्सला पुढे केले आणि लॅटाव्हियस मरी, डेव्होंटा फ्रीमन, लेव्हिऑन बेल या मोकळ्या असलेल्या अनुभवी खेळाडूंना बोलावले. इतकी मोठी आपत्ती चौथ्या जागेने टळली नसती. आणि नेहमीच्या एका दुखापतीसाठी बाहेर माणसे मिळतात. २०१८च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजलिस रॅम्सने टॉड गर्लीच्या दुखापतीमुळे सी. जे. अँडरसनला घेतले, ज्याला त्याच हंगामात दोन संघांनी सोडले होते, आणि त्याने हंगामाच्या शेवटच्या दोन सामन्यांत मिळून २९९ यार्ड काढले. धावू शकणारा, क्वार्टरबॅकला वाचवू शकणारा अनुभवी रनिंग बॅक सप्टेंबरनंतरही बाजारात असतो. बाजारात मिळत नाही तो तिशीच्या आतला, पंटच्या मागे चाळीस यार्ड जीव तोडून धावणारा. म्हणून जागा खर्च करायची तर त्याच्यावर करावी.

आता २०२३च्या डॅलसकडे परत येतो. त्या ऑगस्टमध्ये डाउडलची कागदावरची बाजू लंगडी होती. २०२०मध्ये ड्राफ्टविना आलेला, दोन हंगाम दुखापतींनी खाल्लेले, आणि तीन वर्षांत मिळून प्रत्यक्ष हंगामात सात धावा व २४ यार्ड. व्हॉन सहाव्या फेरीतला, कॅन्सस स्टेटचा, उंची पाच फूट पाच इंच, वजन सुमारे ८१ किलो. त्याचे वडील डॅलससाठीच खेळाडू शोधण्याचे काम करत आणि त्यांनीच मुलाला निवडीची बातमी फोनवर दिली, ते दृश्य देशभर पाहिले गेले. जॅक्सनव्हिलविरुद्धच्या पहिल्या हंगामपूर्व सामन्यात आठ धावांत ५० यार्ड आणि एक टचडाउन. लोकांचे मन त्याच्याकडे ओढले गेले यात नवल नाही. माझेही गेले होते. पण हंगामात २३ धावांत ४० यार्ड एवढेच हाती आले. फट उघडण्याआधीच मोठे अंग समोर येत होते, आणि ब्लिट्झच्या वेळी त्याला ठेवणे शक्य नसल्यामुळे तो मैदानात आला की चाल कोणती येणार हे प्रतिस्पर्ध्याला आधीच कळत होते. हा मेहनतीचा दोष नव्हे. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५मध्ये, त्याला सोडण्यात आले.

डाउडलने २०२३मध्ये पोलार्डच्या मागे ३६१ यार्ड काढले, २०२४मध्ये १,०७९, आणि मग डॅलसनेच त्याला कॅरोलिनाकडे जाऊ दिले. तिथेही तो चुबा हबर्डच्या मागे राखीव होता. हबर्ड दुखापतग्रस्त झाल्यावर ऑक्टोबर २०२५मध्ये त्याने मायामीविरुद्ध २०६ यार्ड आणि पुढच्याच आठवड्यात डॅलसविरुद्ध १८३ यार्ड धावले. मला त्या दोन सामन्यांत नवे काही दिसले नाही. पहिल्या धक्क्यानंतर न थांबणारे पाय आणि पासच्या वेळी योग्य माणसाला सामोरे जाणे हे त्याच्याकडे २०२३मध्येही होते, फक्त आकडे नव्हते. त्यामुळे डाउडलला ठेवणे योग्यच होते. डेव्हिसला प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये नेणेही योग्य होते, कारण तो परत मिळणार हे जवळपास नक्की होते. व्हॉनला ५३मध्ये जागा देण्याऐवजी मी त्याचीही हीच वाट धरली असती, आणि कोणी दावा केला असता तर तो सहन केला असता.

राहिला एक मुद्दा, ज्याकडे आपल्या प्रश्नात लक्ष गेलेले नाही. त्याच वर्षी डॅलसने ड्राफ्टविना आलेल्या हंटर लिपकी या फुलबॅकलाही यादीत ठेवले. तो अडवतो, गरजेला चेंडू घेतो, पास झेलतो आणि स्पेशल टीम्समध्ये खेळतो, म्हणजे तिसऱ्या रनिंग बॅककडून जे हवे असते त्यातले बहुतेक सगळे तो आधीच करतो. असा फुलबॅक ज्या संघात आहे तिथे रनिंग बॅक तीनच ठेवावेत, तिसऱ्याने किकऑफ परत आणावा, आणि चौथ्याला प्रॅक्टिस स्क्वॉडची वाट दाखवावी. फुलबॅक नसेल तरच चौथ्या जागेची चर्चा करण्यात अर्थ आहे, आणि तेव्हाही ती लाइनबॅकर व सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) यांच्या शेवटच्या जागांशी तुलना करून व्हावी, कारण किकऑफच्या तुकडीत त्याची खरी स्पर्धा त्यांच्याशीच असते.